उकडतं ते पाण्यानं

माझे मामा नागपूरचे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात ते आमच्याकडे ठाणे पूर्वेतल्या कोपरीला राहायला आले. आधी ट्रान्सपोर्टने त्यांचा कूलर आला, मागाहून मामा आले. पत्र्याचा कूलर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आणि सुरू केला की विमान उडाल्यासारखा आवाज. "एसीच्या भानगडीत पडू नकोस, हा लाव. पहाटे चादर मागशील," मामा म्हणाले. पहिल्या रात्री घरभर वाळ्याचा सुगंध पसरला. दुसऱ्या रात्री उशा दमट लागायला लागल्या. चौथ्या दिवशी चपलांच्या कपाटात पांढरी बुरशी धरली आणि मामा बनियन पिळत म्हणाले, "तुमच्याकडचं पाणीच खराब आहे रे."

पाण्याचा दोष नव्हता, हवेचा होता. आपल्या भाषेत तो केव्हाचाच सांगून ठेवला आहे. नागपूर-अकोल्याला ऊन तापतं, झळा लागतात, माणसाला ऊन लागतं. ठाण्यात मात्र उकडतं. उकडीचा मोदक विस्तवावर भाजत नाही, वाफेत शिजतो. मेच्या रात्री कोपरीत आपलंही नेमकं तेच होत असतं.

हिशेब साधा आहे. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा जिथवर उतरतो, त्याच्या खाली कूलरची हवा जाऊ शकत नाही. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा साधारण २२ अंशांपर्यंत उतरतो, म्हणून तिथे कूलर म्हणजे स्वर्ग. कोपरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तो २८च्या आसपासच अडकतो. तो पाच अंशांचा गारवासुद्धा नुसता कागदावरचा, कारण कूलर खोलीत आणखी पाणी ओततो आणि अंगावरचा घाम वाळेनासा होतो. घाम वाळणं हाच शरीराचा कूलर आहे, आणि मामांचा कूलर त्यालाच बंद पाडत होता.

म्हणून ठाणे पूर्वेत, आणि खाडीच्या या पट्ट्यात कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याणपर्यंत कुठेही, घर गार ठेवायचं असेल तर पहिला प्रश्न तापमानाचा विचारू नका. पाणी कुठून येतंय आणि वारा कुठून जातोय, ते आधी बघा. यंत्राची पाळी त्यानंतरची. एक गंमत सांगतो. ज्याला आधुनिक एसी म्हणतात तो विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी आखला, आणि तोही माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमटपणाने कागद फुगायचा, एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. आपली तक्रार त्या कागदाचीच आहे.

आता पाणी कुठून येतं ते बघू. बाहेरच्या हवेतलं पाणी आपल्या हाती नाही, पण घरातलं बरंचसं पाणी आपणच तयार करतो. कुकरच्या शिट्ट्या, भाताची पेज, आंघोळीची वाफ, आणि पावसाळ्यात पंख्याखाली दोरीवर टाकलेले कपडे. वॉशिंग मशीनमधून पिळून निघालेल्या एका बादली कपड्यांतही दोन-तीन लिटर पाणी सहज उरतं, आणि ते सगळं तुमच्या खोलीच्या हवेत जातं. त्याच खोलीत रात्री एसी लावलात, तर ते पाणी यंत्राकडून परत बाहेर काढून घ्यायचे पैसे भरता. एक लिटर पाणी हवेतून काढायला ढोबळ मानाने पाव युनिट वीज लागते. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली दिसली, तर त्यात दोन युनिटांहून जास्त वीज आहे असं समजा. (ते पाणी मात्र टाकू नका, लादी पुसायला उत्तम.)

कपडे आत वाळवण्याला जुलैत इलाज नसतो, हे मला मान्य आहे. पण ते झोपायच्या खोलीत वाळवू नका. बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत दोरी बांधा, दार ओढून घ्या आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. हा पंखा तीस-चाळीस वॉट खातो, म्हणजे दिवसभर चालला तरी एक युनिट होत नाही. स्वयंपाकघरातही तेच. फोडणी टाकायच्या आधी एक्झॉस्ट लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं राहू द्या. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा आत यायला वाट लागते. म्हणून समोरची एखादी खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर पंखा नुसता घरघरतो. चिमणी घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच विचारावी : तिची नळी भिंतीतून बाहेर जाते का? कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून ती पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारी चिमणी तेल पकडते, वास कमी करते, पण वाफ आणि उष्णता जिथल्या तिथेच ठेवते.

पावसाळ्यात भिंतीला कपाट अगदी चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हवा फिरत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बुरशीवर रंगाचा हात मारणं म्हणजे घाण गालिच्याखाली सारणं. आधी ती घासून काढा, भिंत वाळवा, गळती कुठून येते ते शोधा. बाजारात दोन-तीनशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते एक घरात असू द्या. आकडा साठच्या खाली असला की बुरशी आणि धुळीतले किडे दोघांनाही जगणं जड जातं. पावसाळ्यात तो ऐंशीवर बसलेला दिसेल, तेव्हा घाबरू नका. कधी उतरतो आणि कशाने उतरतो, तेवढं बघत जा.

आता वारा. कोपरीच्या पश्चिमेला रेल्वेचे रूळ आणि पूर्वेला खाडी. उन्हाळ्यात दुपारनंतरचा खारा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, म्हणजे ज्या खिडकीतून वारा हवा त्याच खिडकीतून दुपारचं ऊनही येतं. मग आपण जाड पडदा ओढतो आणि वाराही घालवून बसतो. पडदा आतल्या बाजूला असला तर काचेतून आत आलेली उष्णता पडद्यात साठते आणि खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. छज्जा असेल तर उत्तम, नसेल तर बॉक्स ग्रिलला बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट बांधा. ऊन अडतं, वारा येतो, खर्च काही शे रुपयांचा. त्याच ग्रिलमध्ये जुने डबे, फुटकी बादली आणि गेल्या गणपतीचं मखर कोंबून ठेवलेलं असेल, तर ते मात्र काढा. वाऱ्याची अर्धी वाट तिथेच बुजते.

जुन्या चाळींतल्या सागवानी खिडक्यांना दोन झडपा आणि वर झरोका असायचा. झडपा उघडल्या की चौकट पूर्ण मोकळी, आणि गरम हवा वरच्या झरोक्यातून निघून जायची. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. इमारतीचा पुनर्विकास चालू असेल तर बिल्डरशी नुसतं कार्पेटच्या चौरस फुटांवर भांडू नका, खिडकी कशी उघडते तेही विचारा. कोपरीत आज कितीतरी सोसायट्या याच टप्प्यावर आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसलेल्या कॉलनीच्या बैठ्या घरांच्या जागी टॉवर येताहेत. खिडकीची चौकट एकदा बसली की पुढची तीस वर्षं ती तशीच राहणार.

वारा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. आपल्या इमारतींत ती वाट म्हणजे सेफ्टी डोअर. जाळीचं दार बंद, लाकडी दार उघडं, आणि समोरच्या खोलीची खिडकी सताड. बाहेर वारा असेल तर जिन्याच्या डक्टमधून हवा ओढली जाते आणि हॉलमध्ये झुळूक लागते. शेजाऱ्यांना आपला टीव्ही ऐकू येतो, ही किंमत मोजावी लागते.

पंख्यावर थोडं थांबतो, कारण कोपरीत विजेची खरी बचत इथे आहे आणि लोक ती एसीत शोधत बसतात. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, आणि दमट हवेत हेच काम सगळ्यात मोलाचं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा तीसेक वॉटमध्ये देतो. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात, तीन पंख्यांची पन्नासच्या आसपास. पंख्यांना स्टार लेबल २०२३च्या जानेवारीपासून सक्तीचं झालं आहे, तेव्हा विकत घेताना ते बघा.

पन्नास युनिटांनी काय फरक पडतो, असं वाटेल. आपल्याकडे वीज महावितरणची, आणि घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे युनिटांवर बदलतात. पहिल्या शंभर युनिटांच्या पुढे गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर जवळपास दुप्पट होतो. वरून १६ टक्के वीज शुल्क. वाचलेली युनिटं नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. बिल आलं की एकूण रकमेकडे बघून सुस्कारा टाकण्याऐवजी मागच्या बाजूचं टप्प्यांचं कोष्टक वाचा. आपण कोणत्या टप्प्याच्या उंबऱ्यावर आहोत ते कळलं की कुठे आवरायचं तेही कळतं.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता साठवतो आणि ती रात्री खाली सोडतो, म्हणून बाहेर वारा सुटला तरी दहा वाजता छताला हात लावावा तर कोमट. आमचाही मजला शेवटचाच. यावर सगळ्यात स्वस्त उपाय पांढरा रंग. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतांवर चुना आणि पांढरा रंग मारायची मोहीम निघाली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आहे. छत पांढरं केलं की खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. पण अहमदाबादची गोष्ट कोपरीत जशीच्या तशी चालत नाही. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि दिवाळीपर्यंत पांढरं छत शेवाळ्याने काळंहिरवं झालेलं असतं. काळ्या पडलेल्या पांढऱ्या छताचा काही उपयोग नाही. म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत ते घासून धुवायचं, हे सोसायटीच्या कामांच्या यादीत लिहून टाका. गच्चीला चायना मोझॅक असेल तर वेगळा रंग नको, स्वच्छ ठेवला तरी पुरे.

आपल्याकडे गळतीच्या भीतीने बहुतेक गच्च्यांवर पत्र्याची शेड उभी राहिली आहे. ती पावसासाठी घातली असली तरी उन्हाचंही काम करते, कारण ऊन पत्र्यावर अडतं आणि स्लॅब सावलीत राहतो. अट एकच : शेडच्या बाजू मोकळ्या हव्यात. आमच्या सोसायटीने कबुतरांचा आणि तिरक्या पावसाचा बंदोबस्त म्हणून चारही बाजूंनी पत्रे ठोकले. त्या वर्षी गच्चीवर पापड उन्हात न घालताही वाळले असते, आणि खाली आम्ही. पुढच्या मार्चमध्ये पूर्व आणि पश्चिम बाजूंचे वरचे दोन-दोन फूट पत्रे काढून तिथे जाळी लावली, आणि रात्रीचं छत पुन्हा हात लावण्याजोगं झालं. शेड नव्याने घालणार असाल तर महापालिकेची परवानगी आणि उंचीचे नियम आधी बघा. पत्र्यांऐवजी सौर पॅनेलं बसवली तर सावलीही मिळते आणि वीजही. केंद्राच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते.

एवढं करूनही मे आणि ऑक्टोबरमध्ये एसी लागतो. लावा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर. फक्त टन म्हणजे काय ते समजून घ्या. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो, वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर दीडचा विचार करा. "मोठा घेतलेला बरा" हा सल्ला आपल्या हवेत उलटा पडतो. मोठं यंत्र खोली झटकन गार करतं आणि मंदावतं किंवा बंद होतं, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गारही लागते आणि चिकटही, आणि आपण अजून दोन अंश खाली उतरतो.

लेबलवर तारे मोजण्याआधी दोन आकडे वाचा : आयसीर (विजेच्या मानाने गारवा किती, ते सांगणारा) आणि वर्षाची युनिटं. ती युनिटं वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेली असतात. दीड टनाच्या तीन आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रांत वर्षाला दोनशे ते अडीचशे युनिटांचा फरक निघतो. युनिटाला बारा रुपये धरले तर अडीच-तीन हजार रुपये. तुमचा एसी रोज रात्री आठ तास, वर्षाचे सहा-सात महिने चालत असेल, तर पाच ताऱ्यांचे वरचे पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतात. पाहुणे आले की लावायचा असेल, तर तीन तारे घ्या आणि उरलेल्या पैशांत घरभर बीएलडीसी पंखे बसवा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून असलेला जुना 'पाच तारा' नव्या मोजणीत चारचा किंवा तीनचा असू शकतो. लेबलवर मुदत छापलेली असते.

२०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू केले की आपोआप २४ अंशांवर येतात. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. मी म्हणेन २६ वर ठेवा आणि छताचा पंखा मंद सोडा. पंख्याशिवाय २३ पेक्षा पंख्यासह २६ जास्त सुखाचे वाटतात. पावसाळ्यात, जेव्हा उकडत फारसं नाही पण चिकचिक असते, तेव्हा रिमोटवरचं 'ड्राय' बटण वापरा. ते बटण जणू मुंबई-ठाण्यासाठीच बनवलं आहे, आणि बहुतेक घरांत त्याला कधी बोटही लागलेलं नसतं.

आता खास खाडीकाठची गोष्ट. आमच्या एसीचा गॅस दोन वर्षांत दोनदा गेला. दोन्ही वेळा आलेल्या माणसाने "गॅस टॉप-अप" म्हणून पैसे घेतले आणि निघून गेला. तिसऱ्या वेळी एक वयस्कर मेकॅनिक आले. त्यांनी यंत्राला हात लावण्याआधी देवघराकडे बघितलं. "काका, चांदीचं निरांजन काळं पडतं का हो तुमचं?" पडतं, दर पंधरा दिवसांनी चिंचेने घासावं लागतं. "मग कॉइल पण खाल्ली असणार." ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की, किंवा नाल्याच्या कडेने, कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. तोच वायू चांदी काळी करतो आणि तोच तांब्याच्या नळीला बारीक छिद्रं पाडतो. त्यांनी नायट्रोजनचा दाब दिला, साबणाचा फेस लावला, आणि आतल्या कॉइलच्या वाकणावर एक बुडबुडा फुगला. टाचणीच्या टोकाएवढा.

यातून तीन गोष्टी शिकलो. पहिली, एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दुसरी, खाडी किंवा नाल्याजवळ राहत असाल तर विकत घेतानाच विचारा की कॉइलवर गंजरोधक लेप आहे का, आणि तो फक्त बाहेरच्या की आतल्याही कॉइलवर. हमी किती वर्षांची आणि तिच्यात गळती धरली आहे का. तिसरी, नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. त्यामुळे व्हॅक्यूम न काढता घाईने गॅस भरणाऱ्याला हात लावू देऊ नका.

बाहेरचं यंत्र कुठे बसतं यालाही महत्त्व आहे. दोन इमारतींमधल्या अरुंद डक्टमध्ये आठ-दहा यंत्रं एकावर एक टांगली की वरच्याला खालच्यांची गरम हवा प्यावी लागते. जागा निवडता येत असेल तर उघड्या बाजूला, सावलीत, समोर हातभर मोकळं. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. त्याला मेकॅनिक लागत नाही.

आता हवेकडे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटतं की स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. तो आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. तीन माणसं, बंद खिडक्या, दाराखाली फडकं कोंबलेलं, अशा खोलीत सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड सहज दोन हजार पीपीएमच्या वर जातो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटण्यामागे हे एक मोठं कारण. उपाय फुकट : दाराखालचं फडकं काढा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, आणि झोपायच्या आधी व उठल्यावर दहा मिनिटं सगळं सताड उघडा. विजेचं थोडं नुकसान होतं, ते होऊ द्या.

बंद खोलीत त्याहून वाईट म्हणजे मच्छर कॉइल. पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की बंद खोलीत एक कॉइल जळते तेव्हा सुमारे शंभर सिगारेटींइतका धूर होतो. कोपरीत डास आहेत, नाही म्हणत नाही. पण त्याला मच्छरदाणी हा जुना इलाज आहे आणि तिला वीजही लागत नाही. अगरबत्ती आणि धूप यांनाही तोच न्याय. पूजा करा, खिडकी उघडी ठेवून करा. खिडकी उघडली म्हणून कोणताच देव आजवर रागावलेला नाही.

कोपरीची बाहेरची हवा काही हिमालयातली नाही. एका बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग, दुसरीकडे सतत कुठलं ना कुठलं बांधकाम, आणि दक्षिणेला मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड. ते २०१८ मध्ये बंद झालं, पण त्याआधी कित्येक वर्षं त्याचा धूर आणि वास आपल्या गॅलरीत राहायला होता. म्हणून खिडकी केव्हा उघडायची ते वेळेवर ठरवा. पावसाळ्यात हवा धुतलेली असते, खुशाल उघडा. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडीत हवा जमिनीलगत साचते, पहाटे आणि सकाळी ती सगळ्यात वाईट. तेव्हा दुपारी वारा सुटल्यावर उघडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर ठाण्याचा आकडा दिसतो. पीएम २.५ची चोवीस तासांची भारतीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

एअर प्युरिफायर घ्यावा का? घरात दमेकरी असेल तर थंडीचे तीन महिने झोपायच्या खोलीपुरता घ्या. हेपा फिल्टर आणि तासाला दीडशे घनमीटरच्या आसपास सीएडीआर (म्हणजे स्वच्छ हवा देण्याची क्षमता) असलेला दहा बाय बाराच्या खोलीला पुरतो. ओझोन किंवा आयनवाला टाळा. प्युरिफायर धूळ गाळतो, कार्बन डायऑक्साइड नाही, हे विसरू नका. कुंड्या ठेवल्याने हवा शुद्ध होते ही समजूत नासाच्या १९८९च्या एका प्रयोगातून पसरली. तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. तुमच्या हॉलमध्ये तेवढाच परिणाम हवा असेल तर बसायला जागा उरणार नाही. झाडं ठेवा, सुंदर दिसतात म्हणून.

घर गरम करण्याबद्दल कोपरीत लिहिण्यासारखं काही नाही. इथे गरम करायचं ते फक्त आंघोळीचं पाणी. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं, तर वीस लिटरची बादली ४० अंशांवर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. गीझर रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, तापमानाची चकती पन्नासवर ठेवा. पण गॅस गीझर असेल तर विजेचा हिशेब राहू द्या, आधी तो कुठे बसवला आहे ते बघा. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेलं माणूस दार तोडून बाहेर काढावं लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत असतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा. तशी जागा नसेल तर काढून टाका आणि विजेचा घ्या, त्यात काटकसर करू नका.

मामांचा कूलर अजून आमच्याकडे आहे. वाळ्याच्या ताट्या काढल्या, टाकी कोरडी केली, पंप सुटा करून ठेवला. आता तो मेच्या रात्री हॉलच्या खिडकीत तोंड बाहेर करून बसतो आणि दिवसभराची गरम हवा तासाभरात बाहेर फेकतो, सेफ्टी डोअरमधून जिन्यातली गार हवा आत येते. पंखा म्हणून त्याच्याइतका दमदार पंखा ठाण्यात मिळायचा नाही. मामांना फोनवर एवढंच सांगितलं आहे, "कूलर रोज लावतो."